दुसरा सूर धरताना

मला गाणं येतं, अशी वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत माझी ठाम समजूत होती. ती मोडायला एका अमेरिकन मडमबाईंना साधारण अर्धा तास लागला.

समजुतीला कारण होतं. माझे वडील हरदास. सोलापुरातल्या एका देवळात चातुर्मासभर त्यांचं कीर्तन असे, आणि एरवी अक्कलकोट-बार्शीपर्यंत बोलावणी येत. सातव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी त्यांची झिलकरी होते. झिलकरी म्हणजे बुवांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, उचलणारा. मुलगी उभी राहते म्हणून चार लोक नाकं मुरडत, पण वडिलांना तसा पक्का गळा दुसरा मिळाला नाही, आणि नाकं मुरडणारेही कीर्तन संपेपर्यंत उठत नसत.

झिलकऱ्याला एकच शिस्त असते. बुवा जातील तिकडे जायचं. ते वर गेले की वर, रेंगाळले की रेंगाळायचं, आणि त्यांचा श्वास तुटला तर त्यांचा सूर आपण उचलायचा. वडिलांना दमा होता, त्यामुळे हे शेवटचं काम मला वारंवार पडे. ऐन रंगात त्यांचा आवाज बसला की मी पुढे सरून तीच ओळ त्यांच्याच जागी धरायची, आणि त्यांनी श्वास घेतला की मागे व्हायची. सांधा लोकांना कळता कामा नये, एवढंच पाहायचं. तो कधी कळला नाही. घरी आल्यावर वडील त्याबद्दल बोलत नसत, फक्त खडीसाखरेचा एक खडा माझ्या हातावर ठेवत.

लग्न गावातच झालं. हे म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर, आणि ह्यांना सुधारणेचा भारी सोस. लहान मुलांना छडीने शिकवू नये, खेळ आणि गाणी ह्यांतून शिकवावं, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं, आणि पुढचे आठ दिवस मला जेवताना दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही. मिशनच्या बंगल्यामागे बालवर्गाच्या शिक्षिका तयार करणारा एक वर्ग होता. त्यात हिंदू बायकांनाही घेतात असं कळल्यावर ह्यांनी मला न विचारता माझं नाव घालून टाकलं.

"एक विषय गाण्याचा आहे," हे म्हणाले. "म्हणजे तुझं अर्धं काम झालंच."

मीही तसंच समजून गेले.

वर्गात आम्ही नऊजणी होतो. मी सोडून बाकीच्या सगळ्या ख्रिस्ती. शिकवणाऱ्या मडमबाई पन्नाशीच्या, उंच, हाडकुळ्या. मराठी पुस्तकातलं बोलत, मधूनच लिंग चुकवत, पण आम्हा सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत आणि आम्हीही एकमेकींना 'तुम्ही'च म्हणावं असा त्यांचा दंडक होता. गाण्याच्या पहिल्या तासाला त्यांनी आम्हाला सतरंजीवर उताणं निजवलं आणि प्रत्येकीच्या पोटावर एक पाटी ठेवली. श्वास घेतला की पाटी वर आली पाहिजे, छाती हलता कामा नये. नऊवारी लुगडी नेसलेल्या नऊ बायका भरदुपारी पोटावर पाट्या ठेवून ओळीने निजल्या आहेत, आणि त्यांच्यामधून एक गोरी बाई हातात रूळ घेऊन पाट्या तपासत फिरते आहे, हे वडिलांनी पाहिलं असतं तर मला तिथून हाताला धरून घरी नेलं असतं. माझी पाटी दोनदा घसरून पडली.

मग तोंड उघडायचं. मडमबाई म्हणाल्या, "आत अंडं उभं राहील एवढं उघडा." आमच्या घरात अंड्याचा उच्चारही होत नसे. ते तोंडात उभं कसं राहतं ह्याचा मला अंदाज नव्हता, म्हणून मी लिंबू धरलं. लिंबू चालण्यासारखं होतं.

शेवटी त्या पायपेटीवर बसल्या. ही पेटी पायाने भाता मारून वाजवायची. त्यांनी एक सूर दाबला आणि एकेकीला तो लावायला सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी, आता बघाच, अशा थाटात सूर लावला. मडमबाईंनी हात वर केला.

"खालून येऊ नका. सरळ त्या सुरावर या."

मी पुन्हा लावला. पुन्हा हात वर. मला काय चुकतंय तेच कळेना. सुराकडे जाताना आधी खाली थोडं टेकून, मग अलगद वर जायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. गाणं म्हणजे तेच होतं. त्यांना मात्र ते कुठल्याही अलंकाराविना, मोजून मापून, टाचणी टोचल्यासारखं हवं होतं. अर्धा तास हे चाललं. बाकीच्या आठजणी बघत होत्या. अखेर मडमबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आवाज फार चांगला आहे. गाणं आपण पहिल्यापासून शिकू."

मी तणतणत घरी आले. आंघोळ केली, मिशनमधून आले की आंघोळ करायचीच, हे सुधारणावाल्या ह्यांनाही मान्य होतं. ह्यांना म्हणाले, "त्या बाईला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही." हे हसले. "मग उद्यापासून नाही जायचं?" असं विचारलं असतं तर मी गेलेच नसते. पण ह्यांनी नुसतंच हसून पाटीवर पाच रेघा ओढल्या आणि त्यांच्यावर काळे ठिपके काढून मला वाचायला दिले. वर्गातून मी आणलेला कागद ह्यांनी माझ्याआधी पाठ केला होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे त्या ठिपक्यांवर बोट ठेवून इतके भसाडे गायचे, की ते थांबवण्यासाठी तरी मला ते वाचायला शिकावं लागलं.

ठिपके चारेक महिन्यांत येऊ लागले. सरळ सुरावर येणंही जमलं. शेजारच्या गिरणीचा भोंगा वाजला की मडमबाई विचारत, "हा कोणता सूर?" आणि मी बरोबर सांगत असे. मग त्यांनी दुसरा सूर काढला, आणि मी पुन्हा पहिल्या दिवशी होते तिथे येऊन पडले.

त्यांच्या गाण्यात दोन बाया एकाच वेळी दोन वेगळ्या चाली गातात. एक वरची, जी ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते, आणि एक खालची, जी एकटी ऐकली तर काहीच वाटत नाही. दोन्ही मिळून गाणं होतं. परीक्षेत जोडीने असं एक गाणं म्हणायचं होतं, दोनदा: एकदा वरचा सूर धरून आणि एकदा खालचा. मराठी शब्दांचं पाळण्याचं गाणं, चाल तिकडची. वरचा मी पहिल्याच दिवशी म्हटला. खालचा धरला, की तिसऱ्या शब्दाला मी जोडीदारणीच्या ओळीत जाऊन बसलेली असायची. ठरवून नव्हे. माझं मलाच वर गेल्यावर कळे.

माझी जोडीदारीण जेऊरकडची. वय सत्तावीस-अठ्ठावीस. तिचा नवरा गिरणीत कामाला होता, तो न्युमोनियाने गेला, आणि मागे पाच वर्षांची मुलगी. वर्गात शिकत होती तोवर मिशनच्या आवारात तिला एक खोली होती. गिरणीकामगारांच्या मुलांसाठी जूनपासून एक बालवर्ग निघायचा होता. ती जागा मडमबाईंनी तिलाच द्यायची ठरवली होती, प्रमाणपत्र मिळालं तर. त्या जागेबरोबर खोली कायमची तिची झाली असती. नाही मिळालं तर मुलीला घेऊन गावी भावाच्या दारात जायचं, आणि भावजयीने काय म्हणायचं ते आधीच निरोपातून कळवलं होतं. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मला नोकरीची निकड नव्हती. तिला होती.

मी घरून पाण्याचा तांब्या नेत असे. ती माझ्या तांब्यापासून हातभर लांब बसायची, मी काही न बोलता. मला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. आज लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहिते आहे.

खालचा सूर तिला येत होता तो लहानपणापासून. रेघा-ठिपके तिला माझ्याइतके येत नसत, पण देवळात, म्हणजे त्यांच्या देवळात, आईच्या मांडीवर बसून तिने तो ऐकला होता. मला तो लागेना तेव्हा तिने तो शिकवायचं मनावर घेतलं.

"वैनी, तुमी माझं ऐकताच कशाला? तुमचं धरून ऱ्हावा की."

"ऐकू येतंच ना. कान काय मिटता येतात?"

"ऐकू येऊ द्या. जायाचं न्हाय माझ्यामागं." तिने हाताने जातं फिरवून दाखवलं. "जात्यावर दोघी बसतो का न्हाय? एक वढती तवा दुसरी ढकलती. दोघीबी वढाय लागल्या तर जातं फिरंल का?"

हे मला पटलं. पटलं म्हणजे जमलं असं नाही. मडमबाईंनी आम्हा दोघींना अंगणातल्या लिंबाभोवती उलट्या दिशांनी चालायला लावलं, गात गात. एकमेकींसमोर आलो की मी चुकायची, पाठमोऱ्या झालो की सुधारायची. मग मी उजव्या कानात बोट घालून गायला लागले. मग बोट काढून. माघ संपता संपता मी पहिल्यांदा अख्खं गाणं खालच्या सुरात म्हटलं. ती इतकी खूश झाली की तिने मला हात लावला आणि लगेच मागे घेतला. "लई झाक," म्हणाली. "आता इसरू नका."

परीक्षा चैत्रात झाली. दहा वाजल्यापासून वर्गावरचा पत्रा तापलेला. मुंबईहून परीक्षक बाई आल्या होत्या, स्थूल, हातात पेन्सिल, चेहऱ्यावर काही नाही. आदल्या दोन रात्री माझ्या जोडीदारणीची मुलगी तापाने फणफणली होती, त्यामुळे ती जागून जागून थकली होती आणि घसा धरला होता. सकाळी तिने कोमट पाणी आणि ज्येष्ठमध घेतला. "बोलताना खरखर हाय, गाताना न्हाय," ती म्हणाली. मी खडीसाखर दिली.

पहिल्या वेळी मी वरचा सूर धरला आणि तिने खालचा. बिनचूक झालं. परीक्षक बाईंनी मान हलवली. मग आम्ही जागा बदलल्या.

तिसऱ्या ओळीत वरचा सूर एका उंच जागी जातो आणि तिथे दोन मात्रा थांबतो. ती तिथे गेली, आणि तिचा आवाज चिरला. चिरून गेलाच. मी खालचा सूर नीट धरून होते. मला तेवढं पक्कं आठवतं. आणि पुढच्या क्षणी मी तो सोडला होता आणि तिच्या जागी उभी होते. भरघोस, स्वच्छ, त्या उंच जागी अचूक. तिचा श्वास परत येईपर्यंत धरायचं आणि मग मागे व्हायचं, असं माझं गणित होतं. ती परत आलीच नाही. ती थांबली. मी माझ्या तोऱ्यात शेवटपर्यंत वरची ओळ एकटीने म्हणून गाणं संपवलं, आणि खरं सांगते, परीक्षक बाईंकडे बघताना शाबासकीची अपेक्षा होती.

त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

गाण्यात दोघी नापास. बाकी सगळ्या विषयांत पास, पण गाणं सक्तीचं होतं. मडमबाईंनी मला एकटीला बोलावलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त राग आला.

"तिचा आवाज अडला तेव्हा तुम्ही काय केलं?"

"मी तिला सांभाळून घेतलं."

"नाही."

"सांभाळून घेतलं," मी पुन्हा म्हणाले. "गाणं पडू दिलं नाही. आमच्यात असंच करतात. मागच्याने पुढच्याची अब्रू राखायची असते."

मडमबाईंनी पेटीचं झाकण लावलं. "परीक्षक म्हणाल्या, आवाज क्षणभर गेला तर गुण थोडे जातात. ती पुढे गाती तर पास होती. ती थांबली म्हणून नापास झाली." मग शब्द जुळवत म्हणाल्या, "तिला परत यायला तुमचा सूर हवा होता. तो तिथे नव्हता."

मी काही ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. अडलेल्याला हात द्यायचा नाही, ते कसलं गाणं, असं घरी येऊन ह्यांना ऐकवलं. हे परीक्षक बाईंना लांबलचक पत्र लिहायला बसले. मी दौत उचलून आत नेली. रडले नाही. त्या दिवशी मी नुसती चिडले होते, आणि चिडण्यात एक सोय असते की दुसरं काही वाटून घ्यावं लागत नाही.

आठ दिवसांत तिने खोली सोडली. एक ट्रंक, एक वळकटी आणि मुलगी. स्टेशनवर पोचवायला वर्गातल्या बाकीच्या सगळ्या गेल्या. मी डोकं दुखतंय असा निरोप पाठवला.

बालवर्ग जूनमध्ये सुरू झाला. मडमबाईंनी दुसरी कुणी शिक्षिका न नेमता तो स्वतः चालवायला घेतला. दिवाळीनंतर परीक्षक पुन्हा येणार होत्या. तोवर जागा ठेवते, असं त्यांनी तिला पत्राने कळवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र गेलं, त्याचंही नाही. तेव्हा मडमबाईंनी मला विचारलं, "तुम्ही जाऊन याल?" मी का, असं मी विचारलं नाही.

एका रविवारी ह्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीने निघाले. कुर्डुवाडी, केम, मग जेऊर. तुमचं बायकांचं तुम्हीच बोला, म्हणून हे स्टेशनवर वर्तमानपत्र घेऊन बसले आणि मी विचारत विचारत कोसभर चालत गेले. भावाच्या घरी भावजय होती. तिने पुढच्या रानाकडे हात केला.

ज्वारी गुडघ्याएवढी आली होती. पाचसहा बायका ओळीने खुरपत होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली ती हीच होती. पार वाळली होती. मुलगी बांधावर शेणी गोळा करत होती. मुलीने मला बघून ओळख दाखवली नाही.

आम्ही बांधावर बसलो. मी पत्रांचं विचारलं. पत्रं पोचली होती, वाचलीही होती. उत्तराला पाकीट कुठून आणायचं, आणि भावाला विचारायचं तर तो नको म्हणणार, असं ती म्हणाली. मग मी परीक्षेचं सांगितलं. जागा अजून आहे, खोली आहे, मार्गशीर्षात परीक्षा आहे, तोवर राहण्याची सोय मडमबाई करतील.

"येते की," ती म्हणाली. "बाईस्नी सांगा, येते म्हनून."

मला इतकं हलकं वाटलं. "मग आलात की लगेच तालीम करू," मी म्हणाले. "ह्या वेळी खालचा सूर माझ्याकडून हलायचा नाही."

ती खुरप्याची माती बोटाने काढत होती. "तुमच्यासंगं न्हाय गायची, वैनी."

"रागावलात?"

"न्हाय. राग कशाचा? तुमी चांगल्यासाठीच केलं, मला ठावं हाय." तिने खुरपं खाली ठेवलं. "माझा आवाज चिरला नव्हं का, तवा मी तुमचा सूर हुडकाय लागले. खालचा सूर घावला असता तर त्याच्यावरनं परत चढले असते. लहानपणापास्नं तसंच चढती मी. आन बगते तर खाली कुनीच न्हाय. तुमी वर, माझ्या जागंवर. मग मी कुटं जाऊ?"

सात महिने मी मडमबाईंशी मनातल्या मनात भांडत होते, आणि माझ्याकडे शंभर उत्तरं तयार होती. त्यांतलं एकही ह्या बाईसमोर उघडं करण्यासारखं नव्हतं. मी तिला सांभाळलं नव्हतं. तिच्या पायाखालची फळी काढून घेतली होती आणि तिच्यावर स्वतः उभी राहिले होते, आणि वर शाबासकीसाठी मान वळवली होती. बांधावर बसल्या जागी मला रडू आलं. ती मला गप्प करायला आली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी चुकंल तुमची," आणि पुन्हा ओळीत जाऊन बसली.

ती चार दिवसांनी सोलापूरला आली. आता प्रश्न होता तो खालच्या सुराचा. वर्गातल्या जुन्या सगळ्याजणी पास होऊन गावोगाव गेल्या होत्या. नव्या वर्गात एक मुलगी होती, पद्मसाळी विणकरांकडची, सोळा-सतरा वर्षांची, घरी तेलुगू बोलणारी. आवाज सुतासारखा बारीक. गाण्याचा तिला काही गंधच नव्हता. मडमबाई म्हणाल्या, "हिला तुम्ही तयार करा."

वीस दिवस होते. मी तिला रोज सकाळी आणि दुपारी घेऊन बसले. चार दिवसांत तिने खालची ओळ पाठ केली. मग मी वरचा सूर धरला आणि वाट पाहिली, आता ही माझ्या मागे येईल. ती आली नाही. मी मुद्दाम मोठ्याने गायले, तरी नाही. मी मध्येच थांबले. ती जात राहिली. मी बेसूर झाले, तिच्या जवळ जाऊन तिला ओढून बघितलं, तिसऱ्या ओळीत उंच जागी खोटा खोटा आवाज चिरून दाखवला. तिने डोळेसुद्धा उचलले नाहीत. मला जे करायला आठ महिने लागले आणि तरी ऐन वेळी जमलं नाही, ते ही पोरगी पाटीवर बोट ठेवून शांतपणे करत होती.

"तुला ओढल्यासारखं होत नाही का?" मी विचारलं.

तिला प्रश्न समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "आमच्या घरात चार माग आहे. सगळे एकदम चालते. बापाचा ठोका वेगळा, काकाचा वेगळा. मी बापाचा ठोका ऐकून हात मारला तर माझा धागा तुटते. मग बाप मारते."

ह्यावर मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. उरलेले दिवस मी फक्त आवाज मोठा करून घेतला.

त्या दोघींची तालीम मडमबाईंनी घेतली. मी तिथे बसत नसे. जेऊरकडची मला भेटली की नीट बोलायची, मुलीचं सांगायची, एकदा माझ्यासाठी गावाहून आलेल्या शेंगा घेऊन आली. फक्त गाण्याचं बोलत नसे.

परीक्षेच्या दिवशी त्या दोघी आधी आणि मी नंतर असं ठरलं होतं. मीही पुन्हा बसले होते. माझ्यासाठी मडमबाई स्वतः वरचा सूर धरणार होत्या. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. खिडकी उघडी होती, पण आतलं दिसत नव्हतं. तिची मुलगी शेजारी फरशीवर खडूने चौकोन आखत होती.

आधी तिचा खालचा सूर झाला, मग त्यांनी जागा बदलल्या. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिचा आवाज रानात राहून जाडसर झाला होता. तिसऱ्या ओळीत ती उंच जागेकडे निघाली आणि मला अगोदरच कळलं, तो पोचणार नाही. पोचला नाही. त्याच जागी, तसाच चिरला.

माझं पोट श्वासाने भरलं होतं. तोंड उघडलं होतं. व्हरांड्यातून, खिडकीबाहेरून, परीक्षा चालू असताना मी तो सूर उचलणार होते. मी तो उचलला नाही, ह्यात माझी काही थोरवी नाही, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून तो उचलला गेला नाही. आत खालचा सूर चालला होता. बारीक, सपाट, कुणाची कीव न करणारा. एक मात्रा गेली. दुसरी गेली. मला वाटलं, थांबली ही, संपलं. मुलीने खडू थांबवून खिडकीकडे बघितलं.

मग ती आली. खालून, त्या बारीक सुरावरून चढत, उंच जागा सोडून पुढच्याच शब्दावर आली, आणि शेवटपर्यंत गेली. मी बोळा तोंडातून काढला तेव्हा तो चिंब झाला होता आणि आतून परीक्षक बाई माझा नंबर पुकारत होत्या.